बालपणाच्या दोन कथा : ‘श्यामचे पोहणे’ आणि ‘ईदगाह’

ईदच्या सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात थोडा वेळ उभे राहिले, तर छावणीच्या ईदगाहकडे निघालेली कुटुंबे दृष्टीस पडतात. नव्या कपड्यांतील लहान मुले वडिलांचे बोट धरून मोठ्यांच्या पावलांशी पाऊल जुळविण्यासाठी धावत असतात. याच चौकात १९ फेब्रुवारीस, शिवजयंतीच्या दिवशी, बापाच्या खांद्यावर बसून महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे एकटक पाहणारी मुलेही दिसतात. गर्दी एकच, परंतु बापाला दिसते ते निराळे आणि बालकाला दिसते ते निराळे. बापाला वाहने दिसतात, परतीच्या गाडीची वेळ दिसते. मुलाला फुगा दिसतो, घोडा दिसतो.

बालपणाची कथा लिहिणाऱ्यापुढे हीच अडचण असते. कथा बालकाची असली तरी लिहिणारा प्रौढ असतो. जे त्या वेळी मुलाला ठाऊक नव्हते, ते लेखकाला आज ठाऊक आहे. या अधिक ज्ञानाचे त्याने काय करावयाचे? ते कोणाच्या तोंडी घालावयाचे, आणि कथेच्या कोणत्या टप्प्यावर? या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे ज्यांत मिळतात, अशा दोन सुपरिचित कथा आज आपणांपुढे ठेवीत आहे. एक साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील ‘श्यामचे पोहणे’ आणि दुसरी प्रेमचंदांची ‘ईदगाह’. पहिली मोठ्या पुस्तकातील एक प्रकरण आहे व दुसरी स्वतंत्र लघुकथा आहे, हे खरे. परंतु ‘श्यामची आई’तील प्रत्येक ‘रात्र’ ही आपल्यापुरती पूर्ण गोष्ट असल्यामुळे तुलनेस बाध येत नाही.

दोन्ही कथा एकाच वर्षाच्या आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ‘ईदगाह’ १९३३ च्या ऑगस्टमध्ये ‘चाँद’ या हिंदी मासिकात आली. आणखी एक साम्य आपणां शिक्षकांना विशेष जवळचे वाटेल. हे दोघेही लेखक मुळात शाळामास्तर होते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत होते व १९३० साली नोकरी सोडून कायदेभंगाच्या चळवळीत गेले. प्रेमचंद आधी शिक्षक व पुढे शाळा तपासनीस होते, आणि १९२१ साली गांधीजींच्या हाकेसरशी त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. वर्गात बसलेल्या मुलाचा चेहरा दोघांनीही जवळून पाहिला होता.

ही तुलना मला का करावीशी वाटली, ते प्रथम सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत चौथीच्या वर्गाला मी ‘श्यामचे पोहणे’ वाचून दाखविले. कथानक आपणां सर्वांस ठाऊक आहेच. श्यामला पाण्याची भीती वाटते. पोहावयास जावे लागू नये म्हणून तो घरात दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते व विहिरीवर पाठविते. तो पोहावयास शिकून येतो. आणि ज्या आईने मारले तिचेच डोळे भरून येतात. वाचन चांगले झाले. दोनतीन मुलांचे डोळे पाणावले. मग मी नित्याच्या सवयीने विचारले, “या गोष्टीचे तात्पर्य काय?” पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “जी आई मारते ती चांगली.” शेजारचा लगेच म्हणाला, “आणि जे गुरुजी मारतात तेसुद्धा.” वर्ग हसला. मी हसू शकलो नाही, कारण त्या दुसऱ्या मुलाच्या तळहातावर त्या सकाळी छडी मारणारा मीच होतो.

त्या मुलांची चूक नव्हती. कथेत मार आहे, माराच्या शेवटी यश आहे, आणि यशाच्या शेवटी प्रेम आहे. घटना तेवढ्याच घेतल्या तर तात्पर्य तेच निघते. साने गुरुजींना मात्र ते सांगावयाचे नव्हते. मग त्यांनी जे सांगितले ते कोठे सांगितले, आणि माझ्या वाचनातून ते कोठे निसटले, याचा मी पुढे बराच काळ विचार केला. उत्तर घटनांत सापडले नाही. ते गोष्ट सांगण्याच्या पद्धतीत सापडले.

‘श्यामची आई’मध्ये गोष्ट सांगणारा श्याम हा मोठा झालेला श्याम आहे. सायंकाळची प्रार्थना झाल्यावर तो आश्रमातील सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे प्रत्येक प्रसंगात दोन श्याम असतात : एक विहिरीच्या पाण्याला भिणारा, आणि दुसरा अनेक वर्षांनंतर प्रार्थनेनंतरच्या शांत वेळी बोलणारा. पहिल्याला मार दिसतो. दुसऱ्याला माराच्या मागची आई दिसते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, दुसरा श्याम बोलत असतो तेव्हा आई या जगात नसते. पुस्तकाच्या अखेरीस तिच्या मृत्यूच्या वेळीही तो तिच्यापाशी नव्हता, हे आपण वाचतो. म्हणून त्याच्या बोलण्यात जो कढ आहे, तो केवळ कृतज्ञतेचा नव्हे. कळावयास फार उशीर झाला, ही बोचणीही त्यात आहे. शिंपटीचे समर्थन करण्यासाठी तो ही आठवण सांगत नाही. आपला मुलगा भित्रा म्हणून हिणविला जाऊ नये, या एका विचाराने व्याकुळ झालेली एक गरीब स्त्री त्याला आता दिसते आहे. ती जवळ होती तेव्हा ती त्याला तशी दिसली नव्हती.

या पद्धतीला आपण ‘स्मरणाची पद्धत’ म्हणू. हिच्यात घटना व अर्थ यांच्यामध्ये वर्षांचे अंतर असते. निवेदक स्वतः अर्थ सांगतो, कधी बोधही करतो, आणि ते खटकत नाही. कारण बोध करणारा व ज्याला बोध व्हावयाचा तो एकच माणूस आहे. श्रोते म्हणून आश्रमातील सोबती कथेतच बसविलेले असल्यामुळे बोलण्याला वळण संभाषणाचे येते, व्याख्यानाचे येत नाही. कधी कधी हे भाष्य लांबते, हे मान्य केले पाहिजे. आजच्या काही रसिकांना ते जड वाटते. मला स्वतःला ‘श्यामची आई’तील काही परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचताना थोडे आवरते घ्यावेसे वाटतात. परंतु आवरते घ्यावे म्हणजे वगळावे असे नव्हे. मोठ्या श्यामचा आवाज काढून टाकला की उरतो तो केवळ मार, आणि माझ्या वर्गात नेमके तेच झाले होते. मी घटना रंगवून वाचल्या व भाष्य भरभर उरकले.

आता ‘ईदगाह’कडे वळू. येथे सारेच उलट आहे. मोठा झालेला हमीद कोठेही भेटत नाही. साऱ्या कथेचा काळ ईदच्या पहाटेपासून त्याच दिवसाच्या अकरा वाजेपर्यंत, फार तर त्यानंतर थोडा वेळ, एवढाच आहे. हमीद चारपाच वर्षांचा, दुबळा, आईबापांवाचूनचा मुलगा. बाप पटकीने गेला व त्यामागून आईही गेली. आजी अमीना हाच त्याचा आधार. त्याला सांगण्यात आले आहे की, अब्बाजान पैसे मिळवावयास गेले आहेत आणि अम्मीजान अल्लामियाँच्या घरून चांगल्या चांगल्या वस्तू आणावयास गेली आहे. तो त्यावर विश्वास ठेवून आनंदात आहे. वाचकाला मात्र लेखक पहिल्या काही परिच्छेदांतच खरे सांगून टाकतो. तेव्हापासून आपण हमीदच्या पुढे असतो. त्याच्या प्रत्येक हसण्याला आपल्या मनात एक सावली चिकटते. त्याच्या मनाला ती ठाऊकही नसते. साने गुरुजींच्या कथेत मूल मागाहून शहाणे होते. प्रेमचंदांच्या कथेत वाचक आधीच शहाणा केलेला असतो, आणि मूल मूलच राहते.

निवेदक येथे त्रयस्थ आहे. तो वाटेल तेथे जाऊ शकतो. अमीनाच्या मनात तो जातो तेव्हा एवढासा पोर अनवाणी तीन कोस कसा चालेल, ही तिची काळजी आपण ऐकतो. मुलांच्या घोळक्यात जातो तेव्हा जिनांच्या गप्पा ऐकतो. नमाजाच्या वेळी तो दूर उभा राहतो आणि हजारो माणसांच्या रांगा एकदम वाकताना व उठताना दाखवितो. श्यामच्या कथेत आईचे मन आपणांस श्यामच्या शब्दांतूनच कळते. येथे आजीच्या मनाचे दार लेखकाने प्रथमच उघडून ठेविले आहे.

पैशांचा हिशोब पाहा. अमीनापाशी दोन आणे उरलेले आहेत. त्यांतील तीन पैसे हमीदच्या खिशात व पाच तिच्या बटव्यात. दोन आणे म्हणजे आठ पैसे, हा जुना हिशोब आजच्या मुलांना ठाऊक नसतो. रुपयाचे चौसष्ट पैसे असत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. हे कथेआधीच फळ्यावर लिहून दाखविले नाही, तर तीन पैशांचे वजन मुलांच्या हाताला लागत नाही, आणि ही कथा सारी त्या तीन पैशांवर उभी आहे. मातीची खेळणी दोन पैशांना एक. महमूद शिपाई घेतो, मोहसीन भिस्ती घेतो, नूरे वकील घेतो. मिठाईच्या दुकानापाशी मोहसीन हमीदला रेवडी देऊ करतो व ऐन वेळी स्वतःच्याच तोंडात टाकतो. यापुढे लोखंडी सामानाच्या दुकानापाशी हमीद थांबतो. तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटे भाजतात, हे त्याला आठवते. चिमट्याची किंमत सहा पैसे सांगितली जाते. शेवटी तो तीन पैशांना मिळतो.

या ठिकाणी लेखकाने जे कौशल्य दाखविले आहे, ते पुष्कळ वाचकांच्या नजरेतून सुटते. हमीदला त्याने संत केलेले नाही. चिमटा घेताना हमीदच्या मनात आजीची बोटे आहेत. त्याचबरोबर आजी खूश होईल, दुवा देईल, शेजारणींना दाखवील हीही स्वप्ने आहेत. आणि ज्यांनी मिठाई दिली नाही त्या मुलांविषयीचा रागही आहे. शिवाय खेळण्याची इच्छा मेलेली नाही. खांद्यावर ठेवला की चिमट्याची बंदूक होते, हातात घेतला की फकिराचा चिमटा होतो, आणि वादात तो शिपाई, भिस्ती व वकील या सर्वांना हरवितो. हमीदने खेळणे नाकारलेले नसून चिमट्यालाच खेळणे केले आहे. हे ध्यानी आणून दिले नाही, तर वर्गातील मुले ‘हमीद शहाणा, बाकीची उधळी’ अशी सरळ विभागणी करून मोकळी होतात. आणि ज्या मुलाने कालच जत्रेत फुगा घेतला असेल, तो खाली मान घालतो.

मग मुले गावी परततात. लेखक आपणांस लगेच अमीनाकडे नेत नाही. आधी भिस्ती फुटतो, वकील पडतो, शिपायाची तंगडी मोडते. हे सारे विनोदी ढंगाने येते. आपण हसत असतानाच अमीनाचा प्रसंग येतो. ती आधी रागावते : सकाळपासून उपाशी पोर, आणि आणले काय, तर चिमटा! हमीद अपराध्यासारखा सांगतो की तिची बोटे भाजत होती म्हणून घेतला. तिचा राग क्षणात विरतो व ती रडू लागते. या जागी प्रेमचंदही गप्प राहिलेले नाहीत. लहान हमीदने म्हाताऱ्याची भूमिका केली आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली, अशा आशयाचे भाष्य ते करतात. ‘ईदगाह’मध्ये लेखक बोलतच नाही, असे जे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. तो बोलतो, परंतु वाचकाशी बोलतो. हमीदला आजीच्या रडण्याचे रहस्य कळत नाही, आणि कथा तेथेच संपते.

याखेरीज एक तिसरी वाटही मराठीत आहे. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) व त्यापुढील संग्रहांतील लंपन हा मुलगा स्वतःच, मुलाच्याच भाषेत बोलतो. मोठा झालेला निवेदक नाही आणि बाहेरचा जाणकारही नाही. ती पद्धत स्वतंत्र लेखाची आहे. येथे एवढेच नोंदवितो.

हा भेद केवळ व्याख्येने स्पष्ट होत नाही. म्हणून शिक्षकांच्या वर्गांत मी एक साधा प्रसंग दोन्ही रीतींनी सांगत असे. शिवजयंतीच्या दिवशी खेड्यातील एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन क्रांती चौकात आला आहे. गर्दीत मुलाचा हात सुटतो. पंधरा मिनिटांनी बापाला मूल सापडते. बाप एक शब्दही बोलत नाही. तो मुलाचे मनगट धरतो आणि एसटीत बसेपर्यंत सोडीत नाही.

स्मरणाच्या पद्धतीने हे असे होईल : “माझे मनगट दुखत होते व मी बापावर रुसलो होतो. माझ्या मनगटाभोवतीचा तो हात थरथरत होता, हे मला त्या दिवशी जाणवलेच नाही. गेल्या वर्षी माझा मुलगा बाजारात दोन मिनिटे दिसेनासा झाला, तेव्हा माझा हात तसाच थरथरला. बाप असता तर सांगितले असते.”

दुसऱ्या पद्धतीने असे : “घोडा एवढ्या उंच चढला कसा, हे विचारावयाचे राहूनच गेले होते. त्याने दोनदा हात ओढून पाहिला, पण पकड सुटेना. गाडीत बसल्यावर वाहक आला. बापाने उजव्या हातातील मनगट सोडले नाही. डाव्याच हाताने उलट्या बाजूचा खिसा चाचपून पैसे काढले, त्यांतील एक नाणे खाली पडले, ते त्याने उचललेही नाही. मुलाने ते उचलले व आपल्या खिशात टाकले.”

पहिल्यात थरथरणारा हात शब्दांनी सांगावा लागला. दुसऱ्यात न उचललेले नाणे ते काम करते. परंतु ते नाणे पाहणारा वाचक जागा असावा लागतो. पहिली रीत श्रेष्ठ की दुसरी, हा वाद व्यर्थ आहे. दोहोंची वर्गातील वागणूक वेगळी आहे, आणि शिक्षकाला ती ठाऊक असली पाहिजे. स्मरणाची कथा वाचताना घाई करावयाची नाही ती भाष्याच्या जागी. तेथे आवाज खाली आणावा आणि विचारावे, “हे आता कोण बोलत आहे? लहान श्याम की मोठा?” त्रयस्थ पद्धतीची कथा वाचताना मात्र आपले भाष्य आवरावयाचे असते. अमीना रडते तेथे वाचन थांबवावे व काही काळ काहीच विचारू नये. ‘ती का रडली?’ हा प्रश्न आपण ताबडतोब विचारला, तर जे काम लेखकाने मुलांच्या मनावर सोपविले आहे, ते आपण त्यांच्या हातून काढून घेतो.

छडीविषयीही येथेच सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे, हे आपण जाणतो. तेवढ्यासाठी ‘श्यामचे पोहणे’ वर्गात वाचूच नये, असे मी एका सभेत ऐकले. मला ते पटत नाही. आईच्या हातचा मार हा त्या काळच्या घरातील खरा प्रसंग आहे, आणि मारल्यावर तिलाच रडू येते, हेही तितकेच खरे आहे. मुलांनी दोन्ही पाहावे. मार योग्य होता का, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नये. मोठा श्याम आईवर प्रेम करतो, म्हणून तिची प्रत्येक कृती आपण गिरवावी असे होत नाही. आणि श्यामच्या आठवणीचा आधार घेऊन छडी हातात धरणाऱ्या शिक्षकाने तर ती कथा वाचलेलीच नसते.

पुढे काही वर्षांनी, निराळ्या शाळेत, मी पाचवीच्या वर्गाला या दोन कथा लागोपाठ दोन दिवस वाचून दाखविल्या. पहिल्या दिवशी श्याम, दुसऱ्या दिवशी हमीद. तात्पर्य विचारले नाही. ‘ईदगाह’ संपल्यावर वर्ग काही वेळ शांत होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, आजी का रडली ते हमीदला कधी कळलं?” मी उत्तर शोधीत होतो. कथेत ते नाही, एवढेच मला ठाऊक होते. तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा, जो एरवी क्वचितच बोले, जागेवरूनच म्हणाला, “कालच्या श्यामएवढा झाल्यावर कळलं असेल.” त्या दिवशीच्या माझ्या टाचणवहीत ‘उद्दिष्ट साध्य’ या रकान्यात काय लिहावे, ते मला सुचले नाही. तो रकाना मी कोराच ठेविला, आणि त्याबद्दल पुढच्या तपासणीत मला शेरा मिळाला.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी दोन कथांसाठी दोन स्वतंत्र तासिका ठेवाव्यात. एकाच तासात दोन्ही उरकू नयेत. ‘ईदगाह’ मोठी कथा आहे. जिनांच्या गप्पांचा भाग थोडक्यात सांगितला तरी चालेल, मात्र खेळणी फुटण्याचा भाग गाळू नये. जवळ उर्दू माध्यमाची शाळा असेल, तर तेथील शिक्षकांस शेवटची दोन पाने आपल्या वर्गात वाचून दाखविण्याची विनंती करावी. आपल्या मुलांना त्यांतील बरेचसे शब्द कळतात, असा माझा अनुभव आहे. आणि त्याबदली आपण त्यांच्या वर्गात श्यामची एक रात्र वाचून यावी.